गळ्यात अडकवायचा की पर्समध्ये टाकायचा?

कॅमेरा घ्यायचा हे घरात सगळ्यांना मान्य होतं, बजेटही ठरलेलं होतं. अडलं होतं ते एवढ्यावरच, की त्या पैशांत लेन्स बदलता येणारा सुरुवातीच्या श्रेणीतला मिररलेस (आत आरसा नसलेला) घ्यायचा, की पर्समध्ये मावणारा छोटा कॉम्पॅक्ट. ज्याला विचारावं तो एकच सांगायचा, "मिररलेसच घ्या, सेन्सर मोठा असतो." अमळनेरच्या शाळेतले माझे सहकारी, धुळ्याला फोटो स्टुडिओ चालवणारे माझे चुलत दीर, जळगावचा दुकानदार, सगळ्यांचं यावर एकमत होतं. मी कॉम्पॅक्ट घेतला. का घेतला ते सविस्तर लिहितेय, कारण मोठा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी आतली पट्टी मोठी, हे उत्तर अर्धंच आहे आणि उरलेलं अर्धं फारसं कुणी सांगत नाही.

आधी मला फोटो कशाचे काढायचे होते ते सांगते, त्याशिवाय पुढचा हिशेब कळायचा नाही.

आमच्याकडे श्रावणात, नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी कानबाई बसते. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: नारळाला नथ, डोळे, दागिने घालून देवीचं रूप देतात, चौरंगावर तिची स्थापना होते, भाऊबंद एकत्र येऊन रोट (देवीचा नैवेद्य) करतात, पुरणपोळी, खीर, गंगाफळाची (लाल भोपळ्याची) भाजी असा स्वयंपाक होतो, आणि रात्रभर बायका गाणी म्हणत जागरण करतात. सोमवारी सकाळी वाजतगाजत विसर्जन. माझ्या मामांच्या घरी, पारोळ्याजवळच्या गावात, ही गाणी म्हणणाऱ्या आज्या आता थकत चालल्या आहेत. त्यांचे गातानाचे चेहरे, टाळ्या वाजवणारे हात, समईच्या उजेडातली नथ हे सगळं मला नीट टिपून ठेवायचं होतं. म्हणजे काम रात्रीचं, घराच्या आतलं, छोट्या खोलीतलं, आणि माणसं सतत हलणारी. फोटोग्राफीत याहून अवघड प्रकाश क्वचितच मिळेल.

फोनने हे होत नाही. फोन अंधारात एकापाठोपाठ अनेक फ्रेम घेऊन त्या एकमेकींवर जुळवतो. समोरची वस्तू स्थिर असेल तर निकाल झकास येतो. टाळ्या वाजवणारी बाई असेल तर तिच्या हाताला दोन-दोन अंगठे दिसतात आणि चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसून गुळगुळीत होतात. आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्याच पुसल्या गेल्या तर त्या फोटोत राहिलं काय?

शोध सुरू केला तेव्हा दुकानदाराने पहिल्यांदा दाखवला तो अगदी चपटा, स्वस्त कॅमेरा. दिसायला गोड, वजनाला काहीच नाही. पण त्यातला सेन्सर साधारण ६.२ × ४.६ मिलिमीटरचा, म्हणजे बऱ्याच फोनमध्ये असतो त्याच पट्टीतला. एकेकाळी असेच कॅमेरे सर्वांत जास्त खपायचे. २०१० साली जगभरात सगळे मिळून १२ कोटींवर डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते, त्यांतले बहुतेक याच जातीचे. फोनने तो बाजार खाल्ला, आणि अंधारातल्या कामापुरतं बोलायचं तर योग्यच झालं. ज्यांना छोटा कॅमेरा हवाय त्यांनी हा प्रकार आणि एक इंची सेन्सरचा कॉम्पॅक्ट यांत गल्लत करू नये. एक इंची म्हणतात तो सेन्सर प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मिलिमीटरचा असतो, क्षेत्रफळ त्या चपट्याच्या चौपट. बाहेरून दोन्ही खिशातलेच वाटतात.

शेवटी माझ्यासमोर दोन नावं उरली. एकीकडे कॅननचा ईओएस आर५०: २४ मेगापिक्सेल, २२.३ × १४.९ मिलिमीटरचा एपीएस-सी सेन्सर, सोबत १८-४५ मिमीची किट लेन्स, म्हणजे बॉडीबरोबरच मिळणारी. दुसरीकडे कॅननचाच पॉवरशॉट जी७ एक्स मार्क थ्री: २० मेगापिक्सेल, एक इंची सेन्सर, आणि अंगचीच लेन्स, जी फुल-फ्रेमच्या (३६ × २४ मिलिमीटर सेन्सरच्या) भाषेत २४ ते १०० मिमी आहे; मिमी कमी तितकी चौकट रुंद. पहिला माझ्या दिरांच्या स्टुडिओत रील्ससाठी होता, दुसरा एका सहकारी बाईंच्या मुलाकडे. दोघांनीही वापरायला दिले, म्हणून मला दुकानाच्या काउंटरवर दोन मिनिटं हातात धरून ठरवावं लागलं नाही. कुणाकडून मागून आणता आला तर जरूर आणा. काउंटरवरच्या ट्यूबलाइटखाली सगळेच कॅमेरे चांगले फोटो काढतात.

आर५० आधी मिळाला. फाल्गुनात होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्याच्या पायथ्याला भोंगऱ्याचे बाजार भरतात, त्यांतल्या चोपडा तालुक्यातल्या बाजाराला मी तो घेऊन गेले. ढोल, बासऱ्या, पावरा आदिवासी बायकांच्या गळ्यातली चांदी, आणि डोक्यावर आग ओतणारं ऊन. इथे आर५०ने मला जिंकलं, ते व्ह्यूफाइंडरमुळे, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीमुळे. भरदुपारी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर काही म्हणजे काही दिसत नाही, नुसतं आपलंच प्रतिबिंब दिसतं. डोळा लावला की आतलं चित्र स्वच्छ, चौकटीच्या कडा दिसतात, चेहऱ्यावर फोकस बसलाय की नाही ते कळतं. जी७ एक्समध्ये व्ह्यूफाइंडर नाहीच. मिररलेस म्हणून विकल्या जाणाऱ्या सगळ्यांत तो असतो असंही नाही: निकॉनच्या झेड३०मध्ये नाही, सोनीच्या झेडव्ही-ई१०मध्येही नाही. खानदेशात उन्हात फोटो काढणाऱ्याने ही गोष्ट मेगापिक्सेलच्या आधी बघावी.

त्या बाजारात दुसरीही गोष्ट जाणवली. कॅमेरा गळ्यात दिसला की लोक बदलतात. एका काकांनी विचारलं, "कोनत्या पेपरच्या तुम्ही?" विचारून, परवानगी घेऊन फोटो काढले तरी समोरचा माणूस ताठ होतो, पदर सावरला जातो, लहान पोरं ओळीत उभी राहतात. हे चुकीचं आहे असं नाही, त्यांचा तो हक्कच आहे. पण गाणं म्हणणारी आजी ताठ झाली की गाणं थांबतं.

आता खरी परीक्षा. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन्ही कॅमेरे एकाच वेळी हाताशी होते, तेव्हा मामांच्या देवघरालगतच्या खोलीत संध्याकाळी सगळं बंद करून नऊ वॅटचा एकच एलईडी बल्ब लावला, समई पेटवली आणि मामींना बसवलं. मामी कणीक मळत होत्या, म्हणजे हात हलते. हात हलताना पुसट होऊ नयेत म्हणून दोन्हीकडे शटर १/८० सेकंदावर कायम ठेवलं आणि आयएसओ कॅमेऱ्याला ठरवू दिलं. आयएसओ म्हणजे उजेडाला संवेदनशीलता, ती वाढली की फोटोत रवाळपणा वाढतो. एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते. जी७ एक्सची लेन्स रुंद टोकाला एफ १.८ पर्यंत उघडते, त्याने ८०० आयएसओच्या आसपास फोटो घेतला. आर५०ची किट लेन्स रुंद टोकालाच एफ ४.५ पासून सुरू होते. त्याने आयएसओ ५००० पर्यंत नेला.

दोन्ही फोटो लॅपटॉपवर शेजारी शेजारी लावले. मामींच्या नऊवारीच्या काठातली वीण कॉम्पॅक्टच्या फोटोत दिसत होती, मिररलेसच्या फोटोत सावलीकडच्या भागात रवाळपणा आला होता. दीर तिथेच होते. म्हणाले, "वहिनी, हे उलटं कसं झालं?"

उलटं काहीच झालेलं नव्हतं, गणित तेच सांगतं. अ‍ॅपर्चरच्या, म्हणजे एफच्या, आकड्यांचा भागाकार करून वर्ग करायचा: ४.५ भागिले १.८ म्हणजे २.५, त्याचा वर्ग ६.२५. म्हणजे सेन्सरच्या तेवढ्याच जागेवर कॉम्पॅक्टची लेन्स सव्वासहा पट उजेड पाडते. आर५०चा सेन्सर क्षेत्रफळाने मोठा आहे खरा, पण किती? ३३२ चौरस मिलिमीटर विरुद्ध ११६, म्हणजे तिप्पटीच्या जरा आत. सव्वासहाला त्याने भागलं की दोनाच्या वर काहीतरी उरतं, आणि ते उरलेलं कॉम्पॅक्टच्या बाजूचं. झूमच्या लांब टोकाला किट लेन्स एफ ६.३ वर जाते, कॉम्पॅक्ट एफ २.८ वर थांबतो. तिथेही तोच पुढे, फक्त फरक थोडा कमी. मोठ्या सेन्सरने जे कमावलं ते अंधाऱ्या लेन्सने घालवलं. हौद मोठा बांधला आणि नळ बारीक बसवला, तर पाणी भरणार किती?

किट लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन असतं ना, असं कुणी विचारेल. असतं, जी७ एक्समध्येही असतं. पण ते आपला हात हलला तर सांभाळून घेतं. मामींचा हात हलला तर त्याचा काही उपयोग नाही.

हेच गणित फुल-फ्रेमच्या मापात मांडलं तर किट लेन्स एफ ७.२ ते १०, कॉम्पॅक्टची लेन्स एफ ४.९ ते ७.६. पाठीमागचं धूसर करण्यातही त्यामुळे किट लेन्सवाला मिररलेस पुढे नाही. हे मला सगळ्यांत आश्चर्याचं वाटलं, कारण "मागचं ब्लर येतं" म्हणूनच बहुतेक लोक मिररलेस घेतात आणि किट लेन्सवरच वर्षानुवर्षं राहतात.

मग दिरांनी बॅगेतून ५० मिमी एफ १.८ची छोटी लेन्स काढली आणि आर५०वर चढवली. सगळं चित्र पालटलं. त्या लेन्सने मामींचे हात, बांगड्यांवरची समईची तिरीप, मागे विरघळून गेलेली भिंत असं काही दिलं, की मी खुर्चीवरून उठून लॅपटॉपपाशी गेले. तेवढ्याच चौकटीसाठी कॉम्पॅक्टपेक्षा सहा-सात पट उजेड गोळा होतो तिथे, आणि तो दिसतो. फक्त एक अडचण होती. एपीएस-सी सेन्सरवर ५० मिमी म्हणजे ८० मिमीइतकी अरुंद चौकट. दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीला पाठ टेकवूनसुद्धा कानबाई आणि तिच्यापुढे बसलेल्या बायका एका फोटोत मावत नाहीत. चेहऱ्यासाठी अप्रतिम, प्रसंगासाठी अपुरी. रुंद आणि उजेडाची, अशी दोन्ही असलेली लेन्स हवी. कॅननच्या या माउंटसाठी (लेन्स जोडायच्या कड्यासाठी) २०२४च्या जुलैत सिग्माची १८-५० मिमी एफ २.८ आली, ती बरोबर हेच काम करते. माझं बजेट तिथे संपत होतं. बॉडी अधिक ती लेन्स हा हिशेब ठरवलेल्या रकमेच्या बराच वर जात होता आणि कर्ज काढून कॅमेरा घ्यायचा नाही हे आमचं पक्कं होतं.

म्हणून प्रश्नाची मांडणी बदलली. मिररलेस की कॉम्पॅक्ट असं विचारण्यापेक्षा, माझ्या पैशांत येणारी मिररलेसची लेन्स की माझ्या पैशांत येणाऱ्या कॉम्पॅक्टची लेन्स, असं विचारलं की उत्तर समोर होतं.

याच काळात चाळीसगावला जाणं झालं आणि छायाचित्रकार कलामहर्षी केकी मूस (१९१२–१९८९) यांचं घर, आता संग्रहालय झालेलं, निवांत पाहिलं. टेबलावर साध्या वस्तू मांडून, त्यांवर हवा तसा प्रकाश टाकून त्यांनी केलेली टेबलटॉप छायाचित्रं आपल्या खानदेशात आहेत आणि आपल्यातल्या कितीतरी जणांनी पाहिलेली नाहीत याचं वाईट वाटतं. रेल्वेने चाळीसगाव ओलांडणाऱ्या प्रत्येकाने एकदा तिथे उतरावं. मी त्या फोटोंत उजेड कुठल्या बाजूने येतो तेवढंच बघत राहिले. समोरून सपाट मारलेला प्रकाश जवळपास नाहीच. घरी आल्यावर मामांना फोन केला आणि विचारलं, की कानबाईच्या खोलीतला डोक्यावरचा बल्ब एका रात्रीपुरता बाजूच्या चुन्याच्या भिंतीकडे तोंड करून लावता येईल का. मामा म्हणाले, "वायर टाकून देतो, त्यात काय." कॅमेऱ्याच्या कुठल्याही सेटिंगपेक्षा त्या वायरचा उपयोग जास्त झाला. भिंतीवरून परतलेला मऊ उजेड बाजूने चेहऱ्यांवर पडला, डोळ्यांखालच्या काळ्या खाचा गेल्या. दोन्ही कॅमेऱ्यांत अंगचा फ्लॅश आहे. तो वापरला की समईचा रंगच मरतो, म्हणून तो विचार कधी केलाच नाही.

खरेदीबद्दल थोडक्यात: या कॉम्पॅक्टला मागणी जास्त आणि माल कमी, त्यामुळे नाव नोंदवून थांबावं लागलं. आषाढात हातात आला. सोबत एक जादा बॅटरी घेतली. या छोट्या कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्याही छोट्याच असतात, कंपनीच्याच मोजणीनुसार एका चार्जवर सुमारे २३५ फोटो. रात्रभराच्या जागरणाला ते पुरणार नाहीत हे उघड होतं.

श्रावणात कानबाई बसली. मी पर्समधून कॅमेरा काढला तेव्हा मामी म्हणाल्या, "इतलासाच कॅमेरा? मोठा काबर नही लयनी वं?" त्यांच्या आवाजात जरा निराशा होती, स्टुडिओवाल्यासारखा काहीतरी दणदणीत त्यांना अपेक्षित होता. पण दहा मिनिटांत सगळ्या तो विसरून गेल्या, आणि मला नेमकं तेच हवं होतं. पडदा वर उलगडून कॅमेरा मांडीवर ठेवला, शटरचा आवाज बंद केला आणि गाणाऱ्या बायकांच्या ओळीतच बसून, स्वतःही गात, फोटो काढत राहिले. सगळ्यांत वयस्क आजींनी एकदाच हात दाखवला, "फोटू नंतर काढजो, पहिले गानं म्हनू दे." मी कॅमेरा खाली ठेवला, गाणं झालं, मग त्यांनीच मान हलवून परवानगी दिली.

सेटिंग विचारणाऱ्यांसाठी सांगते: एफ १.८, शटर १/८०, आयएसओला १६०० ची मर्यादा, रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली). झूमला हात लावला नाही, कारण थोडंसं झूम केलं तरी लेन्स १.८ वरून खाली घसरते. जवळचा चेहरा हवा असेल तर स्वतः सरकून पुढे बसायचं.

त्यातल्या एका फोटोची मामींना बारा बाय अठरा इंचाची प्रिंट करून दिली. २० मेगापिक्सेल म्हणजे ५४७२ × ३६४८ ठिपके, इंचाला ३०० ठिपक्यांनी छापलं तर बरोबर तेवढाच कागद भरतो. आर५०चे २४ मेगापिक्सेल घेतले असते तर इंच-दोन इंच वाढले असते. भिंतीवर लावताना त्याने फरक पडत नाही. प्रिंटमध्ये आजींच्या गालावरचं गोंदण स्पष्ट आहे, नथीच्या मोत्यांवर समईचा पिवळा ठिपका आहे. मामींची निराशा त्या दिवशी गेली.

कॉम्पॅक्ट घेऊन काय गमावलं तेही सांगायला हवं. दुपारच्या उन्हात मला अजूनही आर५०च्या व्ह्यूफाइंडरची आठवण येते. पडद्यावर ओढणी धरून काम भागवते, पण ते भागवणंच. दुसरी गोष्ट धुळीची. आत-बाहेर होणारी लेन्स धूळ आत ओढते आणि कॉम्पॅक्टच्या सेन्सरवर धूळ बसली तर घरी ब्लोअरने उडवता येत नाही, कॅमेरा उघडावा लागतो. मिररलेसवाल्याला लेन्स काढून ती साफ करता येते. अर्थात भोंगऱ्याच्या बाजारात लेन्स बदलताना आरशाविना उघडा पडलेला सेन्सर बघून दिरांचाही जीव वरखाली झाला होता. मी चेनची छोटी पिशवी वापरते आणि वाऱ्यात कॅमेरा चालू-बंद करत बसत नाही. तिसरं उन्हाचं, ते दोघांनाही सारखंच लागू: बहुतेक कॅमेऱ्यांना कंपनीने ४० अंशांपर्यंतच्या तापमानाची हमी दिलेली असते, आणि आपल्याकडे भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो. उभ्या गाडीत तर विचारूच नका. कॅमेरा गाडीत ठेवून लग्नाला जेवायला जायचं नाही, सोबत घ्यायचा.

आणि पक्षी. माझ्या भाच्याला पक्ष्यांचं वेड आहे. हिवाळ्यात तापीवरच्या हतनूर जलाशयावर बदकं उतरली की तो पहाटे भुसावळहून गाडी काढतो. त्याने माझा कॅमेरा एकदा नेला आणि संध्याकाळी न बोलता परत आणून दिला. १०० मिमीत पाण्यातलं बदक म्हणजे एक ठिपका. त्याच्यासाठी माझा सगळा हिशेब उलटा होतो: प्रकाश सकाळचा, भरपूर, त्यामुळे लेन्स अंधारी असली तरी चालते. हवं ते अंतर आणि डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर. त्याने दिरांचाच आर५० वापरून पाहिला आणि स्वतःसाठी तोच घेतला, ५५-२१० मिमीच्या लेन्ससह. एपीएस-सीवर ती ३३६ मिमीपर्यंत पोचते. लांब टोकाला ती फक्त एफ ७.१ उघडते, मला ती रात्री काडीच्या उपयोगाची नाही. किट लेन्स त्याने घेतलीच नाही. ते पैसे बाजूला ठेवलेत, पुढच्या वर्षी ५० मिमी एफ १.८ घ्यायची म्हणतोय. ती आली की कानबाईला दोन रात्री मी उसनी मागणार आहे, हे त्याला आत्ताच सांगून ठेवलंय.